तिसरा टॅप

"हिच्यावर करून दाखव," सर म्हणाले.

मला नाव होतं. क्लासच्या रजिस्टरात लिहिलेलंही होतं. पण सरांच्या तोंडी मी कायम 'हिच्यावर'. तो शब्द आला की मी उठायचे आणि मॅटच्या मधोमध जाऊन उभी राहायचे. पडायला.

राजापेठेत, ट्यूशनच्या वरच्या मजल्यावर आमचा ज्युदोचा क्लास. त्या दिवशी पालकांसाठी प्रात्यक्षिक होतं. पन्नासेक प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढच्या रांगेत वकीलसाहेब आणि त्यांच्या बाई. त्यांची मुलगी सई माझ्यासमोर. आम्ही दोघी सतरा वर्षांच्या, वजनगटही एकच. ज्युदोत एक जण पाडतो, दुसरा पडतो, मग पाळी बदलते. सगळीकडे असंच शिकवतात. दोन वर्षांत माझी पाळी एकदाही आली नाही. सईनं पाडायचं, तिच्या मैत्रिणींनी पाडायचं. पडायचं मी.

कुणा एका पालकानं विचारलं, ही मुलगी उलटा डाव का टाकत नाही? सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"यांच्या धर्मात मारायचं नसते ना. दर रविवारी शपथ घेतात हे लोकं. म्हणून हिले मी पडायचंच खातं दिलं."

सगळे हसले. मीही हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

मग सईनं मला आपटलं, वर बसली आणि माझ्याच कॉलरनं माझा गळा आवळला. असह्य झालं की हाताने दोनदा थोपटायचं, त्याला टॅप म्हणतात. टॅप झाला की समोरच्यानं सोडायचं. पहिल्या दिवशी, नीट उभं राहायला शिकवण्याआधी, हे शिकवतात. मी टॅप केला. सईनं सरांकडे पाहिलं.

"धर अजून," सर म्हणाले. "फोटो येऊ दे."

मी पुन्हा टॅप केला. तिसऱ्या वेळी हात मॅटला लागला की नाही, आठवत नाही. कानात नुसती घरघर. मग काहीच नाही.

शुद्धीवर आले तेव्हा अंगाखाली ओलं होतं. गळा दाबून शुद्ध हरपली की कधी कधी असं होतं, हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की पन्नास माणसं बघताहेत आणि वकिलांच्या बाईंनी पदर नाकाला लावलाय. सईच्या तोंडावर भीती होती. सरांच्या तोंडावर वैताग.

"पाणी आण अन् मॅट पुसून घे. पुढचा आयटम हाय."

मी पुसलं. ओल्या ड्रेसनं, गुडघ्यांवर बसून, सगळ्यांसमोर. कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

संध्याकाळच्या एसटीनं नांदगाव खंडेश्वरला घरी आले. माय नुकतीच वावरातून निंदून आली होती. मी सगळं सांगितलं. शपथेवरून हसणं, फोटो, पदर. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं.

"तू पुसलं कावून?"

"सर म्हनले म्हून."

"मी इचारून राहिली, तू पुसलं कावून?"

मला रडू फुटलं. आपल्यात मारायचं नाही, आपलं पंचशील आहे, असं काहीबाही बरळले. तेव्हा माय भडकली. हातातला विळा तिनं भिंतीवर फेकला.

"मारू नोको, असं हाय शीलात. मार खाय, असं कोठी हाय? मले दाखव!"

रविवारी विहारात वंदनेला बसले. पहिलं शील मला बोलता येऊ लागल्यापासून पाठ आहे. जीवहिंसेपासून मी दूर राहीन. त्या दिवशी ते म्हणताना गळ्यावरचा वळ दुखत होता आणि मी पहिल्यांदा ते ऐकलं. दूर राहीन, असं मी म्हणतेय. म्हणजे हात माझा पाहिजे, ताकद माझी पाहिजे, तरच थांबणं माझं. माझा तर हातच उठत नव्हता. दोन वर्षं मी भीत होते आणि त्या भीतीला शीलाचं नाव देत होते. सरांनी माझी भीती तेवढी बरोबर ओळखली होती.

मी क्लास सोडला नाही. महिनाभर आणखी पडले. पण आता डोळे उघडे ठेवून. दोन वर्षं पडून पडून मला सईचं अंग तिच्यापेक्षा जास्त माहीत झालं होतं. डाव टाकण्याआधी ती डावी टाच उचलते. कॉलर धरली की ती श्वास रोखते. हे सरांना माहीत नव्हतं, कारण ते कधी तिच्या हातून पडले नव्हते. घरी पहाटे माय माझी कॉलर धरून उभी राहायची, सईच्या जागी. तिला आपटायला माझा जीव धजायचा नाही.

"पाड नं वं," ती म्हणायची. "कापसाचं गाठोडं हाय मी."

विभागाच्या संघाची निवड अकोल्याला होती. सरांनी आमच्या वजनगटात फक्त सईचं नाव पाठवलं. मी कॉलेजकडून फॉर्म भरला. त्या संघात जायचं होतं, पण त्याहून जास्त मला एकदा, फक्त एकदा, माझी पाळी पाहिजे होती. लढतीच्या यादीत माझं नाव पाहून सर हसले. "पडायलेच आली का एवढ्या दूर?"

सुरुवातीलाच सईचं कोपर माझ्या ओठावर बसलं. ओठ फाटला. रक्त गिळलं. तिनं कॉलर धरली, श्वास रोखला, टाच उचलली. मी आत घुसले. ती पाठीवर नाही, कुशीवर पडली, म्हणून लढत संपली नाही; पण इतक्या जोरात आपटली की तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही. मी वर चढले आणि दोन्ही मुठींनी तिची कॉलर पिळली.

तिनं टॅप केला. माझ्या पोटावर, आम्हा दोघींच्या अंगांच्या मधे. रेफरीला दिसला नाही. फक्त मला कळला.

"टॅप नको करू, सई!" सर बाहेरून ओरडत होते.

दुसरा टॅप. मी सोडलं नाही. खोटं कशाला बोलू, गोड वाटत होतं. माझ्या ओठाचं रक्त तिच्या पांढऱ्या ड्रेसवर गळत होतं, तिचे डोळे तांबारले होते आणि मला वाटत होतं, हिलाही ओलं होऊ दे. हिलाही पुसू दे.

मग तिसरा. अगदी हलका, बोटं नुसती हलली. तो मी ओळखला. तो टॅप मी केला होता.

मी सोडलं. मला तिची दया आली नव्हती. माझी मूठ कधी आवळायची आणि कधी उघडायची, हे सर ठरवणार नव्हते. माझा संतापही ठरवणार नव्हता. ते मी ठरवलं. रेफरी गोंधळला. सईनं खोकत खोकत हात वर केला. "मी टॅप केला होता," ती म्हणाली. रेफरीनं निकाल माझ्या बाजूनं दिला.

मी मॅटवरून उतरले तर सर पुढे. मोबाइल कुणाच्या तरी हातात दिलेला. "शेवटी आपल्याच क्लासची पोरगी! चाल, नमस्कार कर, फोटो घेऊ." त्यांनी पाय पुढे केला.

"नाही," मी म्हणाले. "तुमच्यासमोर गुडघे टेकून मॅट पुसली, तेवढं बस झालं."

आता मी अकोल्यात विहारामागच्या हॉलमध्ये मुलींना शिकवते. पाळी सगळ्यांची बदलते. मीही पडते. पहिल्या दिवशी टॅप शिकवते. पहिला टॅप झाला की सोडायचं, हा नियम. नाही सोडलं तर दुसरा करायचा, कदाचित ऐकू आलं नसेल. तिसरा करायचा नाही. त्याच हाताने समोरच्याची करंगळी शोधायची आणि उलटी मोडायची. मोडल्याचा आवाज येईपर्यंत.

परवा एका मुलीची आई दारात उभी राहून बघत होती.

"म्याडम, पोरीयले हे शिकवून राहिल्या? आपलं शील हाय ना?"

"हाय," मी म्हणाले. "म्हून तं आंधी दोनदा टॅप कराले सांगते."

मग तिला चपला काढायला लावल्या, मॅटवर घेतलं आणि करंगळी कुठून धरायची ते दाखवलं.