नोटिशीतली एक ओळ

वेल्ह्यात वकीलसाहेबांकडे मी टायपिंग करते. एकदा पासलीच्या एक बाई आल्या. पानशेतच्या बंगल्यांवर त्या एका ठेकेदारामार्फत स्वयंपाक करायच्या. त्यांनी स्वतःचं काम सुरू करताच ठेकेदारानं बंगलेवाल्यांना मेसेज पाठवले, "चोरी केली म्हणून तिला काढलंय."

"बदनामीचा दावा करू, भरपाई मागू," साहेब म्हणाले.

"भरपाई नगं, सायेब. ज्यांना खोटं सांगितलं, त्यांना त्यानंच लिवून खरं सांगावं."

नोटिशीत मी सवयीनं 'शिवीगाळ केली' असंही घातलं होतं. नोटीस वाचून दाखवली, तेव्हा ते ऐकताच बाई म्हणाल्या, "शिवी त्यानं कंदी दिली न्हाई. ह्ये काढा. न्हाईतर त्याच्यात आन् माझ्यात फरक काय?"

ती ओळ काढून नोटीस पाठवली आणि पंधरवड्यात ठेकेदारानं सगळ्यांना खरं लिहून कळवलं. इतक्या नोटिसा टाइप केल्या, पण समोरच्यावरचा आरोप काढायला लावणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.