लाजो मत

"नवीन लग्न झालेलं दिसतंय. पण चेहरे बघ की, तेराव्याचं जेवून निघाल्यासारखे!"

पोर्ट ब्लेअरच्या जेट्टीवर आम्ही बोटीची वाट बघत बसलो होतो आणि हे वाक्य समोरच्या बाकावरून आलं. बोलणाऱ्या काकूंनी आवाज कमी करायचीही तसदी घेतली नव्हती. डोक्यावर पिवळी टोपी, नाकावर जाड चष्मा. शेजारच्या बारीकशा काकूंच्या डोक्यावरही तशीच टोपी, आणि मागे पसरलेल्या सगळ्या घोळक्याच्या डोक्यावरही. महाराष्ट्रातून आलेली टूर होती. त्यांचा मॅनेजर चिवड्याची पाकिटं वाटत फिरत होता.

"नवीन नसेल हो वहिनी," बारीक काकू म्हणाल्या. "नवीन असती तर हातात चुडा नसता का? हे पंजाबी लोक वर्षभर घालतात."

"मग दमली असेल पोर. दिल्लीहून यायचं म्हणजे काय कमी आहे?"

आम्ही दिल्लीचे हे त्यांनी बॅगेच्या टॅगवरून ओळखलं होतं. पंजाबी मात्र माझ्या एका वाक्यावरून ठरवलं होतं. मी नुकतंच नवऱ्याला विचारलं होतं, "पानी पियोगे?"

आम्ही दोघंही दिल्लीतच वाढलो. त्याचे वडील आणि माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, दोन्ही घरं सरकारी क्वार्टरमधली, दोन्ही घरांत मराठी. पण दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. हे कोणी ठरवलेलं नाही. आजही नोएडातल्या आमच्या सोसायटीत लिफ्टचं दार उघडलं की आमचं वाक्य मधल्यामध्ये भाषा बदलतं. मराठी ही आमची घरातली, आतल्या खोलीतली गोष्ट. आणि कधीकधी हत्यार. मेट्रोत आई माझ्या कानाशीसुद्धा यायची नाही, सरळ नेहमीच्या आवाजात म्हणायची, "हिचा ड्रेस बघ, पडद्याचं कापड उरलेलं दिसतंय." आम्ही चेहरा साधा ठेवून पुढचं स्टेशन येईपर्यंत हसू दाबत बसायचो.

आता समोरच्या बाकावर आई होती आणि पडद्याचं कापड मी होते.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. शेजारी बसलेल्या नवऱ्याचाच मेसेज. 'चुप रहना. मजा येणार आहे.' त्याने चेहरा समुद्राकडे वळवला होता, पण खांदे हलत होते. बऱ्याच महिन्यांनी मी त्याला असं हसताना बघत होते. मी गप्प राहिले. गप्प राहणं मला तसंही जमतं. इंग्रजी शाळेत बाई प्रत्येक वर्षी म्हणायच्या, "स्पीक अप, चाइल्ड." मी मान हलवायचे.

ही सुट्टी आम्हाला औषधासारखी लिहून दिलेली होती. मूल व्हावं म्हणून आमची ट्रीटमेंट चालू होती. ती तीनदा फसली होती, आणि चौथ्यांदा सुरू करण्याआधी डॉक्टर म्हणाल्या होत्या, कुठेतरी जाऊन या, समुद्रबिमुद्र बघा, रिलॅक्स व्हा. नवऱ्याने त्याच संध्याकाळी तिकिटं काढली. निघालो तेव्हा बाल्कनीतून समोरचा टॉवरही दिसत नव्हता, इतकी हवा खराब होती. परतल्यावर सोमवारी क्लिनिक. त्याचा रिमाइंडर त्याने दोघांच्याही फोनमध्ये लावून ठेवला होता.

मला चौथ्यांदा नको होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. विमानात तो माझ्या खांद्यावर झोपला असताना मी मनात वाक्य जुळवत होते. जाग आल्यावर त्याला म्हटलंही, "ऐक ना." तो म्हणाला, "बोल." मी विचारलं, "चार्जर घेतलास ना?"

बोटीत काकू आमच्या समोरच आल्या. चष्मेवाल्या काकूंनी चिवड्याचं पाकीट माझ्यापुढे धरलं. "लो ना बेटा, थोडा खाके देखो. तिखट नहीं है." मी हात पुढे करायला वेळ लावला, तर म्हणाल्या, "अरे, लाजो मत!"

नवऱ्याला ठसका लागला. काकूंनी त्याच्या पाठीत दोन चापट्या मारल्या आणि बारीक काकूंना, म्हणजे त्यांच्या जावेला, मराठीत म्हणाल्या, "हा बरा आहे हो. हिचंच तोंड शिवलंय."

त्यानंतर 'लाजो मत' हे आमचं वाक्य झालं. खोलीची किल्ली देताना, टॉवेल देताना, शेवटचा भजीचा तुकडा पुढे करताना तो तेच म्हणायचा आणि मी हसायचे. खरंच हसायचे. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांनी 'हॅपी हनिमून' लिहिलेलं होतं, कारण बुकिंग करताना त्याने तसं टिक केलं होतं. "रूम मोठी मिळाली ना," तो ओशाळून म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून पाकळ्या वर्तमानपत्रात गोळा केल्या. टॉवेलचे दोन हंस मात्र त्याने मोडू दिले नाहीत. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर चोचीला चोच लावून दोन दिवस आमच्याकडे बघत बसले.

समुद्र फोटोत दिसतो तसाच निळा होता. मी पाण्यात पाय सोडून बसायचे आणि तो स्नॉर्केलिंग करून आल्यावर कुठला मासा पाहिला ते सांगायचा. मी ऐकायचे. ऐकता ऐकता मला झोप यायची. तिथे मी फार झोपले. दुपारी झोपले, संध्याकाळी झोपले, आणि उठल्यावर झोपण्याआधी होते तशीच असायचे.

सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी आधी समुद्र दाखवायला लावला, मग माझा चेहरा.

"अशी का दिसतेस गं?"

"काही नाही आई. थोडी थकले."

"थकले काय? दमले म्हण. थकतात ती म्हातारी माणसं." त्या हसल्या. माझं मराठी नीट करणं हा त्यांचा लाड करायचा प्रकार आहे. "दमलेलं माणूस झोप काढली की ताजं होतं. झोप काढ चांगली. परत आल्यावर ताकद लागणार आहे तुला."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते दोन शब्द शेजारीशेजारी ठेवून बघत बसले. शाळेत असताना मला वाटायचं, दोन्ही शब्दांचं इंग्रजी एकच, मग मराठीला दोन कशाला हवेत.

पिवळ्या टोप्यांची टूरही बेटावरच्या आमच्याच हॉटेलात उतरली होती. नाश्त्याला रोज पपई असायची. मोठ्या ताटात, केशरी, पातळ चंद्रासारख्या फोडी, वर लिंबू. ट्रीटमेंट सुरू झाल्यापासून मी पपई खाल्ली नव्हती. डॉक्टरांनी मनाई केली नव्हती. दोन्ही घरांच्या आयांनी केली होती, आणि त्या दोघींचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत होतं. शेवटच्या सकाळी मी दोन फोडी घेतल्या. का घेतल्या ते माहीत नाही. बसलो, आणि नवऱ्याने बोलता बोलता, फोनवर बोटीची वेळ बघत बघत, त्या माझ्या ताटातून उचलून स्वतःच्या ताटात ठेवल्या. केळ्याची साल बाजूला करावी तसं, न बघता.

पलीकडच्या टेबलावरून मराठीत आवाज आला, "पाहिलंत का वहिनी? पपई काढून घेतली!"

"अगं बाई! म्हणजे दिवस गेलेत पोरीला! तरीच म्हटलं चेहरा असा का. आणि आपण काय काय बोललो गं!"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानेही ऐकलं होतं. या वेळी त्याचे खांदे हलले नाहीत. त्याने पपईची एक फोड खाल्ली, दुसरी तशीच ठेवली.

परतीच्या बोटीत काकूंनी आम्हाला शोधून काढलं. चष्मेवाल्या काकूंनी स्वतःची खिडकी सोडली. "तुम इधर बैठो. ऐसे में हवा लगती है." बारीक काकूंनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. "आल्याची वडी है बेटा. मळमळ नहीं होगी." माझ्या पाठीमागे कोणीतरी शाल घडी करून ठेवली. मला वडी खावीच लागली. ती चांगली होती, झणझणीत, घरची. इतक्या मायेने माझ्याशी बऱ्याच दिवसांत कोणी वागलं नव्हतं, आणि ते सगळं दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाचं होतं.

"कौनसा महिना?" चष्मेवाल्या काकूंनी नवऱ्याला हळूच विचारलं.

मला वाटलं, आता तो सांगेल. किंवा हसून विषय उडवून देईल.

तो थोडा लाजला. "अभी तो बस, आंटी..." म्हणाला आणि पुढचं वाक्य सोडून दिलं.

तो थट्टा करत नव्हता. त्याचा चेहरा मला पूर्ण दिसत होता. कोणाच्या तरी घराचं दार उघडं दिसलं म्हणून क्षणभर आत जाऊन उभं राहावं, तसा तो त्या वाक्यात उभा होता. मला राग आला नाही. राग यायला हवा होता, पण त्यालाही जोर लागतो. मला फक्त सोमवार दिसला. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी इंजेक्शनांचा डबा, पोटावर तीच जागा, वेटिंग रूममधल्या खुर्च्या, आणि मग फोनवर निकाल सांगणाऱ्या क्लिनिकमधल्या बाईचा आवाज, आधीच मऊ केलेला.

काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "कुछ लगा तो बोलना हां. लाजो मत."

या वेळी आम्ही दोघंही हसलो नाही.

"काकू," मी म्हटलं.

डबी बंद करता करता बारीक काकूंचा हात थांबला. चष्मेवाल्या काकूंचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. जेट्टीपासूनची सगळी वाक्यं त्यांना एकेक आठवत असावीत. मला त्यांची दया आली, पण थांबता येणार नव्हतं. थांबले असते तर पुन्हा चार्जरच विचारला असता.

"काकू, मला दिवस नाही गेलेले. वडी फार छान झालीये."

मग मी नवऱ्याकडे वळले. तो हिंदीत काहीतरी म्हणणार होता, बाहेर होतो म्हणून. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि सगळ्या बोटीसमोर, घरात बोलतो तसंच बोलले.

"सोमवारी मी येणार नाहीये. हे परत नको मला. मी दमले नाहीये रे. मी थकलेय."