मावशीची परात

"लंगोट दाखव गो आधी!"

बाळ कुणाचं, गाव कुठलं, मावशी काही विचारायची नाही. हात पुढे आणि हा हुकूम. नवख्या आया पार गोंधळायच्या.

पूर्वी ती कावीळ उतरवायची. बाळाच्या अंगावरून हात फिरवायची, मग हातांना चुना लावून ते परातीत धुवायची. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली! थेट मुरबाडहून माणसं माझ्या जीपने तिच्याकडे यायची.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनाच दवाखान्याची धास्ती. पाड्यावरची सुगंधा तान्ह्या पोरीला घेऊन मावशीकडेच आली. परातीतलं पाणी पिवळं झालं, सगळे खूश. पोर मात्र पिवळीच राहिली, आणि शी तांदळाच्या पिठासारखी पांढरी. पुन्हा परात, पुन्हा पाणी. शेवटी मावशीने परातच भिरकावली.

"जीप काढ रे!"

शहापूरला दवाखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणाला, "फक्त कोरोनाचे पेशंट. नंतर या."

मावशीने लंगोट त्याच्या टेबलावर पसरला. "हे बघ. मंग बोल."

तो नाक दाबून आत पळाला आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. लंगोट पाहून त्यांचा चेहराच उतरला. पोरीचं पित्त आतड्यात उतरतच नव्हतं. "शी पांढरी दिसली तेव्हाच आणायचं होतं हो," त्या म्हणाल्या. मुंबईला ऑपरेशन झालं, पण पोर गेली.

गावातले म्हणाले, देवाची मर्जी. मावशी उसळली, "देवाला मधी आणू नका. परात माजी व्हती!"

तेव्हापासून परातीत कोंबड्यांचे दाणे. पण दार तिने बंद केलं नाही, बरं का! मी विचारलं तर माझ्यावरच खेकसली, "मी नाय म्हटलं तर दुसऱ्याकडं कावीळ उतरवायला जातील. त्यापेक्षा माज्याकडंच येऊ दे."

शी कशीही असो, बाळाची रवानगी डॉक्टरकडेच. पांढरी असली तर मावशी स्वतः जीपमध्ये बसायची. एक बाप अडून बसला, "आधी परात तरी मांडा."

"बस गाडीत! नायतर परात डोक्यात घालीन."

त्याचा मुलगा आता अंगणभर धावतो.

मावशी गेल्या वर्षी गेली. तिच्या कोंबड्या सुगंधा सांभाळते.

परवा मुरबाडहून एक जोडपं पिवळं बाळ घेऊन आलं. मावशी नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. कोंबड्यांना दाणे टाकणारी सुगंधा उठली, हात पदराला पुसले आणि पुढे केले.

"लंगोट दाखव गो आधी!"

मी जीप चालू केली.