आईचा सतराचा पाढा

माझी आई गणित शिकवते. एकवीस वर्षं, एकाच शाळेत, आणि वर्गाचं दार लावून. दार आपोआप उघडू नये म्हणून ती त्याच्याखाली डस्टर अडकवते. मी त्याच शाळेत नववीत आहे, त्यामुळे बाहेरून जाताना तिचा तास नुसत्या कानाने ओळखते. आधी खडूची टकटक, मग प्रश्न, मग शांतता. ती शांतता इतकी लांबते की शिपाईमामा नवीन होते तेव्हा त्यांना वाटलं वर्ग सुटला, आणि ते झाडू घेऊन आत शिरले होते.

यंदा शाळेत पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली. आईला ती हवी होती. किती हवी होती म्हणाल, तर तिने घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बाबांना आणि मला अर्थात पहिल्या दिवशीच कळलं होतं.

दुसरं नाव होतं विज्ञानाच्या बाईंचं. त्यांना लागून नऊच वर्षं झालेली. त्या रोज सकाळी पुढच्या फाटकावर उभ्या राहतात आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतात. "काय रे, गुडघा बरा झाला का?" "तुझी ताई पास झाली ना?" म्हणून सगळे त्यांना फाटकबाई म्हणतात. तळहातात मावेल एवढी वही असते त्यांच्याकडे. मोकळा तास मिळाला की कुणी बोलावलेलं नसतानाही दुसऱ्यांच्या वर्गात मागे जाऊन बसतात आणि त्या वहीत काहीतरी टिपतात.

आईच्या डोळ्यात हे सगळं खुपायचं. वहीसुद्धा.

"आज काय म्हणाल्या माहितीये?" कांदा चिरता चिरता आई सांगत होती. मान तिरकी करून, गोड आवाज काढून म्हणाली, "तुम्हांला काय वाटतं, का बरं असं होत असेल?"

"चुकलं," मी म्हटलं. "त्यांचा 'का बरं' वर जात नाही. खाली येतो."

"तुला कुणी विचारलं?"

दोन कांदे झाले.

"कसा खाली येतो?" आई म्हणाली.

मी करून दाखवला. आईने दोनदा म्हणून पाहिला. बाबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "आता जमला." त्यांच्याकडे एक नजर गेली आणि वर्तमानपत्र आणखी वर गेलं.

पुढच्या सोमवारी आई पंचवीस मिनिटं लवकर निघाली. मुलांना नावाने हाक मारायला तिने मागचं फाटक धरलं होतं. तयारी रविवारभर झाली होती. आई प्रत्येक वर्गाचा बाकांचा नकाशा काढते, कोण कुठे बसतं त्याचा, मोजपट्टी लावून. बाबा नकाशा हातात घेऊन परीक्षा घेत होते.

"सातवी, तिसरी रांग, दुसरं बाक, खिडकीकडे?"

आईने नाव सांगितलं.

"त्याच्या मागे?"

सांगितलं. एकही नाव चुकलं नाही. बाबा म्हणाले, "तुला तर पुढचं फाटकही झेपेल." आई हसली नाही, पण नकाशाची घडी फार नीट घातली.

घोटाळा मागच्या फाटकावर झाला. तिथे बाकं नव्हती. मुलं कशीही येत होती, कोण कुणाच्या मागे, कोण पुढे, एकाने टोपी घातलेली. आईला बाकाशिवाय पोरगं ओळखूच येईना. पहिल्याला तिने त्याच्या शेजाऱ्याच्या नावाने हाक मारली. दुसरीला तिच्या मोठ्या बहिणीच्या. तिसरा जरा दयाळू निघाला. थांबून म्हणाला, "बाई, मी दुसरी रांग, शेवटचं बाक, भिंतीकडे." आईने लगेच नाव सांगितलं, आडनावासकट, वर "शनिवारचं चौथं गणित अर्धवट ठेवलंयस" हेही.

हे पोरांना फार आवडलं. गुरुवारपर्यंत मागच्या फाटकावर ओळ लागायला लागली. "पहिली रांग, चौथं बाक, दाराकडे." "तिसरी रांग, मधलं, बाई, पण मी काल जागा बदललीय." मला ते ऐकायला रांगेत उभं राहावं असं वाटायचं. आईचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं.

शुक्रवारी फाटकबाई मुद्दाम मागे येऊन बघून गेल्या. "मुलं आता तुमच्याकडूनच यायला लागलीत," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर आईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "ऐकलंस? तुमच्याकडूनच. टोमणा मारला मला."

"टोमणा नव्हता तो," मी म्हटलं. टोमण्याचा आवाज मला कळतो. त्या नुसत्याच खूश झाल्या होत्या.

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

मी दप्तर उचलून आत गेले.

त्याच आठवड्यात मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, नवीन पद्धत काढली. मोठे सर प्रत्येक वाक्याला 'तत्त्वतः' लावतात, त्याशिवाय त्यांची गाडी सुरू होत नाही. तर तत्त्वतः प्रत्येक शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात एक तास मागे बसायचं. दोष काढायचा नाही, कौतुक करायचं नाही. पाव कागदावर फक्त एक प्रश्न लिहून ठेवायचा. ज्याला प्रश्न मिळाला त्याने कागदाच्या पाठीमागे उत्तर लिहून सरांकडे द्यायचं. आणि पर्यवेक्षक कोण, ते या चिठ्ठ्या वाचून ठरणार.

आईने कुणाचा तास निवडला ते सांगायला नको. वर्ग नेमका माझाच निघाला.

ती शेवटच्या बाकावर बसली. गुडघे बाकाखाली मावेनात म्हणून तिरकी. कागद पावच होता, पण मला मागे न बघताही कळत होतं की पेन्सिल थांबत नाहीये. नंतर मी मोजले, सहा प्रश्न लिहून खोडले होते. फाटकबाई थंड ग्लासाबद्दल बोलत होत्या. "ग्लासाला बाहेरून पाणी कुठून आलं? का बरं असं होत असेल? तर हवेत वाफ असते, ती..." विचारलं आणि त्याच श्वासात सांगूनही टाकलं. पुढचा प्रश्न, तेच. शेजारच्या मुलीने हात वर केला होता, तो तिने केस सारखे करायला वापरला.

मागे पेन्सिल थांबली.

तास संपल्यावर आईने चिठ्ठी टेबलावर ठेवली. खोडलेलं सोडून एकच ओळ होती: प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?

फाटकबाईंनी वाचली. कानापर्यंत लाल झाल्या. "थांबतच नाही हो मी," त्या म्हणाल्या. "कधी लक्षातच नाही आलं."

आई घरी येताना गुणगुणत होती. एरवी ती कधीच गुणगुणत नाही.

पुढच्या बुधवारी फाटकबाई आईच्या वर्गात आल्या. डस्टर काढावं लागलं. मी तेव्हा खालच्या मैदानात होते, त्यामुळे तो तास ऐकायचा राहिला, याचं मला अजून वाईट वाटतं. पण चिठ्ठी पाहिली. गोल अक्षरात लिहिलं होतं: तुम्ही थांबता तेव्हा मनात काय मोजता?

आईने ती दोनदा वाचली.

"बघ," ती म्हणाली, "एकवीस वर्षांत कुणाला कळलं नव्हतं मी मोजते ते."

"काय मोजतेस?"

"सतराचा पाढा." आणि लगेच, "बाहेर बोलायचं नाही."

"पण मागे उत्तर लिहायचंय ना? उद्या शेवटचा दिवस आहे."

"का लिहू? नावं तिला पाठ. वही तिच्याकडे. सगळी शाळा तिच्या मागे. एक थांबणं माझं आहे, तेही देऊ?"

बाबा म्हणाले, "अगं, पण ती जागा..."

"जागा मिळायची तर अशीच मिळेल."

चिठ्ठी तिने बाकांच्या नकाशात घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तिथेच राहिली.

निकाल सोमवारी लागला. फाटकबाई पर्यवेक्षक झाल्या. मोठ्या सरांनी आईला खोलीत बोलावलं. दार उघडं होतं आणि मी बाहेर हजेरीपत्रक घेऊन उभी होते, अगदी खरं काम होतं.

"तत्त्वतः, सगळ्या शाळेत सगळ्यांत चांगला प्रश्न तुमचा होता," सर म्हणाले. "त्यांनी मागे पानभर उत्तर लिहिलंय. जोडकागद लावून. म्हणतात, तुमच्या एका ओळीने त्यांचा तास बदलला."

आईने टेबलावरचा पेपरवेट सरळ केला.

"आणि तुम्हांला जो प्रश्न मिळाला, त्याचं उत्तर आलंच नाही. मी गुरुवारी संध्याकाळपर्यंत थांबलो होतो. पर्यवेक्षकाला तत्त्वतः तेच करायचं असतं, बाई. आपल्याला येतं ते दुसऱ्याला द्यायचं."

"बरोबर आहे," आई म्हणाली. तिचा तो 'बरोबर आहे' मी अजून कुणाला करून दाखवलेला नाही.

घरी दोन दिवस भांडी जरा जास्त वाजली. फाटकबाईंचं नाव निघालं की आई नाक मुरडायची आणि मग उगाच विचारायची, आज त्या काय म्हणाल्या. बुधवारी मी सांगितलं.

"आज विज्ञानाच्या तासाला थांबल्या."

"थांबल्या म्हणजे?"

"प्रश्न विचारला आणि गप्प उभ्या राहिल्या. तुझ्यासारख्या. हात मागे बांधून."

आईच्या हातातली सुरी थांबली. "माझ्यासारखे हात मागे?"

"हो. पण लवकर सुटल्या. ओठ हलत होते, मी बघत होते. एक ते दहा मोजतात त्या. माझ्या शेजारची हात वर करणारच होती, तेवढ्यात यांनी उत्तर सांगून टाकलं."

"एक ते दहा?" आई म्हणाली. "एक ते दहा कुणीही पळत म्हणतं. सतराला आपणच अडखळतो. सतरा साते म्हणताना जीभ थांबते ना, तिथेच मागच्या बाकावरचा हात वर येतो." मग कांद्याकडे बघून, "चोरलं तर चोरलं, ते तरी धड चोरावं."

"सांगू का त्यांना?"

"तू काही सांगायचं नाहीस."

सुरी ठेवून तिने हात पुसले. बाकांचा नकाशा उघडला, चिठ्ठी काढली आणि उलटी केली. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. आईने लिहिलं: सतराचा. सावकाश. सतरा दाहेपर्यंत जायचं, मध्ये सोडायचं नाही.

खाली सही केली, आणि सहीखाली तारीख टाकली गेल्या गुरुवारची.

"ती ओळखेल," मी म्हटलं.

"ओळखू दे," आई म्हणाली, आणि चिठ्ठी माझ्या हातात देताना सोडायला क्षणभर तयारच नव्हती. "उद्या मागच्या फाटकाने जा. आणि दिल्यावर तिचा चेहरा कसा झाला ते नीट बघून ये. मला करून दाखव."