पदवीची परीक्षा आणि डेअरीचा कोर्स

फौजेतलं शेवटचं वर्ष लागलं तेव्हा युनिटच्या शिक्षण विभागातल्या सुभेदारसाहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब साताऱ्याकडचे, त्यामुळे आम्ही दोघंच असलो की मराठीत बोलायचो. समोरच्या खुर्चीवर बसायची खूण करून ते म्हणाले, "हवालदार, आता ठरवायला पाहिजे. कोर्सला जाणार की परीक्षा देणार?"

दोन्ही गोष्टी फौजेमुळेच मिळत होत्या, पण नेमक्या एकाच वेळी. निवृत्तीआधी जवानाला बाहेर काहीतरी कामधंदा करता यावा म्हणून काही महिन्यांचा एखादा कोर्स करता येतो. कुणी सुरक्षेचा घेतं, कुणी संगणकाचा. मी डेअरीचा मागितला होता आणि तो मंजूर झाला होता. दुसरीकडे नोकरीत राहून मुक्त विद्यापीठाची बी.ए. करायची सोय होती, तिची दोन वर्षं मी पार केली होती. शेवटच्या वर्षाची परीक्षा कोर्सच्या ऐन मध्ये येत होती. परीक्षेसाठी थांबलो तर कोर्सची जागा दुसऱ्याला जाणार, आणि एकदा वर्दी उतरली की तो कोर्स पुन्हा मिळणार नाही.

"पदवी मागाहूनही होईल," साहेब म्हणाले. "पण गावाकडं गेल्यावर अभ्यास होत नाही. असे लय बघितलेत मी. आणि सरकारी नोकरीत माजी सैनिकांच्या जागा निघतात, तेव्हा हातात पदवी असलेली बरी. सुट्टीवर जाऊन ये. घरी विचार."

मला खरं तर पदवी हवी होती. माझी शाळा लहानपणी दरवर्षी दिवाळीला तुटायची. आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, मी कधी त्यांच्याबरोबर कोपीवर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कधी चकलांब्याला मावशीकडे. परत यायचो तेव्हा वर्गातली मुलं पुढच्या धड्यांवर गेलेली असायची. दहावी कशीबशी झाली आणि भरतीत निवडलो गेलो. वाचायची गोडी मला फौजेतच लागली. बर्फाच्या चौकीवर शेगडीजवळ बसून मी इतिहासाची पुस्तकं वाचली आहेत. आपण बी.ए. झालो असं कुणीतरी म्हणावं, एवढीच हौस होती. पण ती खोलवर रुतलेली होती.

सुट्टीवर आलो तो दुष्काळाचा उन्हाळा होता. आमचं गाव तलवाड्यापासून जवळच. घराला कुलूप नव्हतं, पण घरात माणूसही नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, सगळे छावणीवर आहेत. गावाबाहेरच्या माळावर चाऱ्याची छावणी लागली होती. शेडनेटच्या सावलीत जनावरांच्या रांगा, त्यांच्यामध्ये बाजा, पाण्याच्या टाक्या. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते दोन गायींपाशी बाजेवर बसले होते. मला बघून उठले, गायीच्या पाठीवर थाप मारून तिलाच म्हणाले, "बघ, कोन आलंय."

बायको भाकरी घेऊन आली. जेवता जेवता मी कोर्सचं आणि परीक्षेचं सांगितलं.

"डिग्री घे," दादा लगेच म्हणाले. "इचारायचं काय त्याच्यात? जल्मभर ऊस तोडला आमी. तुला तहसीलात खुर्चीवर बसलेला बघू दे."

"आणि डेअरीचं?"

"गायी पाळायला कोर्स कावून पायजे रं? ह्या काय समोर उभ्या हायत."

बायको भांडी गोळा करून टाकीकडे गेली. मी मागोमाग गेलो आणि तिला विचारलं, तुला काय वाटतं. तिनं आधी भांडी विसळली. ओंजळभर पाण्यात किती भांडी निघतात ते मी त्या दिवशी पाहिलं. मग ती म्हणाली, "दूध संस्थेचे सचिव पुण्याला लेकाकडं गेले. आता कागदपत्रं, सभा आन् दुधातलं फॅट मोजायचं मशीन, सगळं मीच बघते. येईल तसं. दूध वरच्या डेअरीतून नासकं म्हनून परत येतं, पर कावून ते कुनी सांगत न्हाई. गावात दुधातलं कळनारं एक मानूस हाय का?"

"म्हणजे मी कोर्स करू?"

"मी तसं म्हनलं न्हाई. डिग्रीचं तुमच्या मनात लई दिवसांपासून हाय, ते मला दिसतंय की."

दोन दिवसांनी आम्ही दोघं बीडला गेलो. माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या कार्यालयात एक वयस्क गृहस्थ होते, स्वतः फौजेतून आलेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सुभेदारसाहेबांसारखंच दोन्हीकडचं सांगितलं. आम्ही उठणार, तेवढ्यात बायकोनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "साहेब, आमच्यासाठी काय असतंय का? म्हंजी बायकांसाठी?"

"शिवणकाम वगैरे?"

"न्हाई. शाळेचं. माझी नववी झालीय."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे पाहिलं. मग ते म्हणाले की माजी सैनिकाच्या पत्नीलाही शिक्षणासाठी मदत मागता येते, त्यात वयाचं काही आड येत नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून देता येईल. पुढे शिकायचं तर मुक्त विद्यापीठ आहेच.

परतीच्या एसटीत ती खिडकीपाशी बसली होती. बाहेर पांढरीफटक रानं. मी म्हणालो, "कधी बोलली नाहीस."

"कुनाला बोलनार? लगीन झालं तवा तुमी सीमेवर, मी हितं. पत्रात काय लिहू, की मला शाळेत घाला?" ती हसली. मग म्हणाली, "आमच्या शाळेच्या बाई म्हनायच्या, तू मास्तरीन व्हशील. नववीचा निकाल लागला आन् त्या दिवाळीला आमी कर्नाटकातल्या कारखान्याला गेलो. परत आलो तवा सोयरीक जुळली व्हती."

गेवराईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. इतकी वर्षं मी माझ्याच शाळेचं तुटणं मनात धरून बसलो होतो. तसंच तुटलेलं माणूस माझ्याच घरात होतं, आणि ते कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. घरात एकालाच शिकायचं असतं अशी काहीतरी समजूत मी न तपासता बाळगली होती. वडिलांचीही तीच, साहेबांचीही.

युनिटवर परतल्यावर मी कोर्सला हो म्हणून कळवलं. हा त्याग नव्हता. बायकोचं दहावीचं ठरलं होतं, संस्थेला माणूस हवा होता, आणि कोर्स नंतर मिळणार नव्हता; हिशेब साधा होता. तरी तिसऱ्या वर्षाची पुस्तकं ट्रंकेच्या तळाशी ठेवण्याआधी मी एकेक उघडून पाहिलं. माझ्याबरोबर परीक्षेला बसणारा एक मित्र होता, विदर्भातला. त्यानं कोर्स सोडला, पदवी घेतली आणि पुढे तो तलाठी झाला. त्यानं कार्यालयातल्या टेबलामागचा स्वतःचा फोटो पाठवला तेव्हा मी तो बराच वेळ बघत बसलो होतो. दादांना मात्र दाखवला नाही.

कोर्सच्या ठिकाणी आम्ही पिकल्या मिशांची माणसं बाकांवर बसून वासरांचं लसीकरण, दुधाची तपासणी, मुरघास शिकायचो. मुरघास म्हणजे हिरवा मका कुट्टी करून, हवा लागू न देता दाबून ठेवायचा. तो महिनोन् महिने टिकतो. तिथल्या गायी वाटेल तेव्हा हौदावर जाऊन पाणी प्यायच्या. मला छावणीतली टँकरची वाट बघणारी जनावरं आठवायची. शिकवणाऱ्या डॉक्टरांना मी विचारलं, मक्यालाच पाणी नसेल तर? ते म्हणाले, चांगल्या वर्षी भरून ठेवायचं. चांगलं वर्ष आलं की आमच्याकडे लोक लग्नं काढतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वर्दी उतरवून गावी आलो तर संस्था बंद पडली होती. पुन्हा पाऊस नव्हता. लोकांनी जनावरं बाजारात काढली होती, दादांनी एक गाय विकली होती. दूधच नाही, तर दुधातलं कळणारं माणूस काय करणार? मी बीडला एका दुकानांच्या इमारतीत सुरक्षेचं काम धरलं. दादा आल्यागेल्याला सांगायचे, "साहेब व्हायचं सोडून गायीचा कोर्स केला यानं." सुट्टीच्या दिवशी घरी असलो की ते माझ्याही कानावर पडायचं. माझं चुकलं असं मलाही पुष्कळदा वाटायचं.

बायको मात्र त्याच वर्षी परीक्षेला बसली. गणितात राहिली. मग हायस्कुलात जाणाऱ्या आमच्या मुलीकडून बीजगणित पुन्हा पहिल्यापासून समजून घेतलं. मुलगी ओरडायची, "आई, चिन्ह बदलतं तिथं!" आणि दादा बाजेवरून म्हणायचे, "हळू गं, तुझी माय हाय ती." दुसऱ्या खेपेला ती पास झाली. दादांनी स्वतः तलवाड्याहून पेढे आणले. मग तिनं बारावीही केली.

पुढे दोन वर्षं पाऊस बरा झाला. घरोघरी पुन्हा गाय दिसायला लागली. संस्था उघडायचं ठरलं तेव्हा सचिव कोण, याच्यावर पारावर बरीच चर्चा झाली. माझं नाव निघालं. मी म्हणालो, कागदपत्र, सभा, मशीन हे सगळं जिनं आधीच सांभाळलंय तिला करा. बीडचं काम सोडून जनावरांचं आणि चाऱ्याचं मी बघतो. काही जण हसले. बायकांनी मात्र नेट लावला, कारण दूध काढून आणणाऱ्या त्याच होत्या.

पहिल्या वार्षिक सभेत सचिव म्हणून ती अहवाल वाचायला उभी राहिली. वाचून झाल्यावर मागून एक जण म्हणाला, "खाजगी डेअरीची गाडी दारात येती. मंग संस्थेला दूध कावून घालावं?"

"गाडी आता येती. दुष्काळात ती कुठं व्हती?" तिनं विचारलं.

"तवा संस्था तरी कुठं व्हती?"

मला उत्तर सुचत होतं, पण बोलायचं तिनं होतं. तिनं हातातला कागद खाली ठेवला. "न्हवती," ती म्हणाली. "बंद पडली व्हती. चारा न्हवता म्हनून. तवा ह्या वर्षी मका उभा हाय तवर संस्थेनं मुरघासाचे खड्डे भरायचे, असा ठराव मी मांडते. कसे भरायचे ते आमच्या मालकांनी शिकून आनलंय. ज्याला पटत नसंल त्यानं आता बोलावं."

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात वर केला, मग बाकीच्या बायकांनी, मग पुरुषांनी. दादा भिंतीला टेकून बसले होते, त्यांनीही हात वर केला आणि ठराव मोजून होईपर्यंत तो तसाच ठेवला. चहा झाला, लोक पांगले. मी सतरंज्या झटकून गुंडाळायला घेतल्या.