काढलेल्या कुलपाची सूचना

"मग तुम्हीच सांगा ना ताई, त्या बाईचं काय चुकलं?" भावजयीने कुकरचं झाकण ओट्यावर आपटलं. "दारावर लिहिलंय, आई खोलीत असतील तर बाहेरून कडी लावा. तिने वाचलं, लावली. वाचता येतं हा तिचा गुन्हा?"

ताई अजून ऑफिसची बॅग खांद्याला अडकवूनच उभी होती. तिचं म्हणणं एवढंच, की आईला सांभाळणारी मावशी कालच कामाला लागली, तिला कुणी धड समजावून सांगायला नको? त्यावर भावजय म्हणाली, समजावायला दिवसभर घरात बाबांखेरीज असतं कोण? आणि समजावलं असतं तरी दारावरच्या ठळक अक्षराला कोण खोटं मानणार?

झालं होतं ते असं. दुपारी मावशी आईला जेवू घालून कपडे वाळत टाकायला गच्चीवर गेली आणि जाताना चिठ्ठीचा मान राखून कडी लावून गेली. वर शेजारणीशी गप्पांत वेळ गेला. इकडे आईने हाका मारायला सुरुवात केली. घरात एकटे बाबा. कडी दाराच्या वरच्या टोकाला आणि बाबांचे दोन्ही खांदे धरलेले, हात कानाच्या वर जात नाही. स्टुलावर चढायची हिंमत होईना, म्हणून त्याच स्टुलावर ते दाराला टेकून बसले आणि बोलत राहिले. आत आई ओली होऊन पडली होती, आणि मी काय केलं, मला का कोंडलंत, असं रडत विचारत होती. बाबांनी हे ताईला सांगितलं ते हसत हसत. "लग्न ठरलं तेव्हा तरी कुठे एवढं बोललो होतो दाराआडून," म्हणाले, आणि मग बराच वेळ चष्माच पुसत राहिले.

चिठ्ठी ताईचीच. आईला विसर पडू लागला आणि एका सकाळी ती गाउनवरच बाहेर पडून भलत्याच बसथांब्यावर सापडली, तेव्हा ताईने ऑफिसच्या प्रिंटरवर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या. कडी लावा, किल्ली वर ठेवा, जिन्याचं फाटक उघडं टाकू नका. "फ्रीजलाही लावा एक, म्हणजे तुमचा भाऊ आवरेल," अशी थट्टा तेव्हा भावजयीनेच केली होती. चिठ्ठ्यांनी काम चोख केलं. पुढे आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर तिचा पाय जमिनीला लागला नाही. त्यालाही वर्ष उलटलं. चिठ्ठ्या घरच्यांना दिसेनाशा झाल्या, जसे भिंतीवरचे डाग दिसेनासे होतात. दिसल्या त्या नव्या माणसाला.

ऑफिसात ताईला 'कुलूपबाई' म्हणत. कॉम्प्युटर फायली जिथे जपून ठेवतो, त्या फाइलसिस्टिमचं काम तिच्याकडे होतं. एकाच फायलीत दोघांनी एकदम लिहिलं तर दोघांच्याही कामाचं मातेरं होतं, म्हणून लिहिण्याआधी कुलूप घ्यायचं, लिहून झालं की सोडायचं. पूर्वी सगळ्यांत मिळून एकच मोठं कुलूप होतं. ते कधीच निघालं, फायलीगणिक छोटी कुलपं आली. पण कोडमधल्या कॉमेंट, म्हणजे पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलेल्या ओळी, तशाच राहिल्या: इथे येण्याआधी मोठं कुलूप घेतलेलं असावं. त्यातल्या कितीतरी ताईनेच तरुणपणी लिहिलेल्या. हा आठवडाभर ती त्या एकेक वेचून पुसत होती. परवा जेवताना तिनेच सांगितलं होतं, की कॉम्प्युटर त्या ओळी वाचतच नाही. वाचतो तो माणूस, आणि फसतो तोही माणूसच.

भावजयीने नेमकं तेच काढलं. "खोट्या झालेल्या ओळी पुसायचा पगार घेता तुम्ही. घरातच कसा हात आखडतो?"

"आणि उद्या उठली तर?" ताई बोलून गेली. "उठून चालायला लागली, आणि दार उघडं असलं तर?"

भावजयीने गॅस बंद केला. तिच्या आवाजातली धार पार गेली होती.

"त्या उठणार नाहीत, ताई."

डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ताई समोरच होती. पण घरात हे वाक्य अजून कुणी उच्चारलं नव्हतं. आईच्या बाहेर जायच्या चपला ताई अजून दर रविवारी धुऊन ठेवायची, आणि त्यावर भावजयही इतके दिवस चकार शब्द बोलली नव्हती.

ताई आईच्या खोलीत गेली. चादर बदलली होती, केस विंचरले होते. आईने तिच्याकडे शाळेतल्या बाईंकडे बघावं तसं भीतभीत पाहिलं.

"बाई, माझी शिक्षा संपली?"

"संपली."

"मग मला सगळ्यांत बसू द्या ना."

ताईने तिच्या कपाळावरून हात फिरवला. आई त्याही हाताला दचकली. मग ताई बाहेर आली आणि दारावरची चिठ्ठी नखाने खरवडू लागली. चिकटपट्टी जुनी, कागद तुकड्यातुकड्यांनी निघाला, रंगाचा पापुद्राही सोबत आला. बाबा बघत होते. भाऊ नुकताच येऊन सोफ्यावर मोजे काढत बसला होता. काय झालं, हे त्याने खुणेनेच बायकोला विचारलं. तिने दाराकडे बोट दाखवलं.

ताईने कागदाचे तुकडे मुठीत गोळा केले.

"आई आता उठणार नाही," ती म्हणाली. "उद्या तिची कॉट इथे, बाहेरच्या खोलीत येईल. सोफा आत जाईल."