मायला पाजलेला संत्र्याचा रस

मायला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. सौंसरच्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या आणि मला बजावलं, "यांची किडनी जराशी कमजोर आहे, बीपीची गोळीही सुरू आहे. या औषधानं अंगातलं पोटॅशियम वाढू शकतं. चौथ्या दिवशी रक्त तपासून घ्या." मी मान हलवली. खायला-प्यायला काय द्यायचं, ते विचारलंच नाही. आमच्या पांढुर्ण्यात आजाऱ्याला संत्रं चालते का, असं कोणी विचारते का हो?

दिवाळी नुकतीच झालेली, बाजारात संत्र्यांचे ढीग. भेटायला येणारा जो तो पिशवीभर संत्री आणून ठेवे. सावरगावच्या मावशीनं तर अर्धं पोतंच पाठवलं. मी पडली मास्तरीण, माझं सगळं टाइमटेबलवर. सकाळ, दुपार, संध्याकाळ, मोठा गिलास भरून रस. चौथ्या दिवशी शाळेत परीक्षा होती. रक्ताचं काय, रविवारी पाहू, म्हटलं.

सहाव्या दिवशी माय म्हणाली, "बाई, पायात जीवच नाही राहिला. हात बी जड पडून राहिले."

मला वाटलं, जेवत नाही म्हणून. मी आणखी एक गिलास पुढे केला.

"नको वो आता. मळमळ होऊन राहिली."

माझं डोकंच फिरलं. "नखरे नको करू माय! दिवसभर शाळेत मरमर करून आली मी, अन् तू तोंड फिरवतं?"

ती प्यायली. तेव्हा तिला गिलास नीट धरताही येत नव्हता आणि मी तो धुवायच्या घाईत होते. आग लागो माझ्या त्या घाईला!

सकाळी ती उठेचना. नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं की गोळ्यांमुळे किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नव्हती आणि वरून संत्र्याच्या रसातून ते पोटात जातच होतं, त्यानंच हृदय मंदावलं. मग त्यांनी विचारलं, "इतका रस कोणी दिला यांना?"

मी तोंड उघडायच्या आत माय बारीक आवाजात म्हणाली, "मीच मांगून मांगून पेत होती, साहेब. पोरीले काही बोलू नका."

दुपारी माय गेली, तोवरही माझ्या तोंडून खरं निघालं नव्हतं.